गेंडा भुंगा आणि हुमणी यांची गल्लत नको

शेणखताच्या खड्ड्यात सापडलेल्या पांढऱ्या अळ्या माडाची मुळे खातील म्हणून बुंध्याशी कीटकनाशक ओतावे, असा सल्ला काही जण देतात. तो कृपया पाळू नका; त्या अळ्या बहुधा हुमणीच्या नसून गेंडा भुंग्याच्या असतात. गेंडा भुंगा आणि हुमणी एकाच कुळातले, पण उपकुळे वेगळी आणि सवयी उलट्या. हुमणीची अळी जिवंत मुळे खाते. गेंड्याची अळी फक्त कुजलेले शेणखत, ओंडके, पालापाचोळा खाते. नुकसान करतो तो भुंगा. तो न उमललेल्या सुईत (शेंड्यावरच्या मिटलेल्या कोवळ्या झावळीत) भोक पाडून रस शोषतो, म्हणून झावळी उघडली की कात्रीने कापल्यासारखे त्रिकोणी काप दिसतात.

शिंग म्हणजे नर, हेही तितकेसे खरे नाही. मादीलाही आखूड शिंग असते. भुंगा उलटा करा: शेपटाकडे तांबूस केसांचा दाट झुबका असेल तर मादी.

भोकाबाहेर ताजा चोथा दिसला की लोखंडी आकडीने भुंगा ओढून काढा, पण कोवळा कोंब दुखवू नका. मग वरच्या 2-3 झावळ्यांच्या बेचक्यांत 250 ग्रॅम निंबोळी पेंड तेवढ्याच वाळूत मिसळून भरा. जखम उघडी राहिली तर तिच्यात सोंड्या भुंगा (माडाचे खोड पोखरणारी वेगळी कीड) अंडी घालतो, आणि माड खरा मरतो तो त्याच्यामुळे.

शेणखताच्या खड्ड्यात मेटारायझियम ही अळ्या मारणारी बुरशी मिसळा. मात्र खत ओलसर हवे, कोरड्या खतात ती वाढत नाही. मेलेल्या अळ्या कडक, हिरवट झाल्या की बुरशी लागू पडली.