रि: रि: दिवाळीचा हॉल, न्यूरी (उत्तर आयर्लंड, यूके) की डंडॉक (आयर्लंड)??

मंडळी, न्यूरीच्या हॉलवाल्याचा परत फोन आला, शुक्रवारपर्यंत डिपॉझिट नाही भरलं तर हॉल गेला. डब्लिनकडच्या 19 जणांकडे भारतीय पासपोर्ट आणि आयआरपी कार्ड (आयर्लंडचं रहिवासी परमिट) आहे, त्यांना यूकेचा व्हिसा लागतो. गेल्या वर्षीसारखं आयत्या वेळी नको. — खजिनदार

—

अहो कसला व्हिसा! किलोमीटरऐवजी मैलांच्या पाट्या दिसायला लागल्या की समजायचं बॉर्डर गेली. ना गेट ना चौकी, कोण विचारतंय? — बापू

—

बापू, तुमच्याकडे आयरिश पासपोर्ट आहे म्हणून सुचतंय. कॉमन ट्रॅव्हल एरिया (दोन्ही देशांत बिनव्हिसा ये-जा) ब्रिटिश आणि आयरिश नागरिकांपुरता आहे, आणि बसमध्ये अधूनमधून कागद बघतात. असलं लिस्टवर लिहू नका प्लीज. — सेक्रेटरी

—

सेक्रेटरींना अनुमोदन. आमच्या सासूसासऱ्यांच्या व्हिसावर बीआयव्हीएस (एकाच व्हिसावर आयर्लंड आणि यूके दोन्ही) लिहिलेलं होतं, ते दोघं आरामात ट्रेनने बेलफास्टला जाऊन टायटॅनिक बघून आले, आणि चार वर्षं इथे टॅक्स भरणारा त्यांचा मुलगा डंडॉक स्टेशनबाहेर गाडीत थालीपिठाचा डबा मांडीवर घेऊन बसलेला!! पाहुण्यांना मुभा, घरच्याला नाही. — डंडॉकच्या वहिनी

—

मग डंडॉकलाच करा म्हणणाऱ्यांनो, आमच्याकडच्या भारतीय पासपोर्टवाल्यांना तुमचा व्हिसा लागतो, त्याचं काय? आणि पनीर आमच्याकडूनच आणणार ना, त्यावर 'नॉट फॉर ईयू' (ईयूत, म्हणजे तुमच्याकडे, विकायला नाही) छापलेलं असतं, ते आधी बघा. — बेलफास्ट शाखा

—

एकदा आयर्लंड एक झालं की हे सगळं मिटेल. 2021 च्या जनगणनेत उत्तर आयर्लंडमध्ये कॅथलिक पार्श्वभूमीचे 45.7 टक्के, प्रोटेस्टंट 43.5. एकीकरणवाल्या शिन फेन पक्षाला 2030 पर्यंत त्यावर मतदान हवंय. — बापू

—

बापू, कॅथलिक म्हणजे एकीकरणाचं मत असं नसतं हो, माझी शेजारीणच बघा, दर रविवारी मासला जाते आणि म्हणते एनएचएस (यूकेची सरकारी आरोग्यसेवा) सोडणार नाही. शिवाय 1998 च्या शांतता कराराप्रमाणे बहुमत होईलसं वाटलं तरच लंडनचा मंत्री मतदान घेणार, आणि हरलं तर पुढची 7 वर्षं परत नाही. त्यापेक्षा लंडन-डब्लिनचं जमतंय ते बघा, ब्रिटनचे पंतप्रधान स्टार्मर आणि आयर्लंडचे पंतप्रधान मार्टिन 2025 च्या मार्चमध्ये लिव्हरपूलला भेटले, अशी भेट दरवर्षी घ्यायची ठरली. पण आयआरपीवाल्यांचं कोण काढतंय तिथे? — बेलफास्ट शाखा

—

गेट नाही ते कुणामुळे? आपल्या मालवणकडच्या वराडच्या वराडकरांमुळे! 2019 ला आयर्लंडचे पंतप्रधान म्हणून बोरिस जॉन्सनशी बसून बोलले, म्हणून मालाची तपासणी बॉर्डरऐवजी ब्रिटनकडच्या समुद्राकडे, बंदरांवर गेली. — बापू

—

वराडकरांचे वडील मुंबईचे, वराड मूळ गाव. आणि त्या तपासणीपायीच माझी गणपतीची मूर्ती बंदरात अडकली होती, तेव्हा कौतुक जरा बेतानं. — बेलफास्ट शाखा

—

परवा शुक्रवार आहे. दोन्हीकडे दोन हॉल घ्यायचे तर खर्च दुप्पट, आणि फराळाचे 7 जणांचे पैसे अजून आलेले नाहीत. न्यूरीला हो की नाही एवढंच लिहा. — खजिनदार

—

पनीर डंडॉकलाही मिळतं. — डंडॉकच्या वहिनी