सांवेरकडच्या काळ्या जमिनीत पाणी तुंबतं, सोयाबीन पिवळं पडतंय

प्रश्न:
इंदूरजवळ वडिलोपार्जित पाच बिघे आहेत. जुलैत चार दिवस झड लागली की वाफ्यात पाय रुततो, पानं पिवळी. आणि ऑगस्टात उघडीप पडली की त्याच जमिनीला हात जाईल एवढ्या भेगा! माळव्यात ‘पग पग नीर’, म्हणजे पावलोपावली पाणी, म्हणे. चर खणू का?

काकासाहेब:
नुसता चर नको, सगळंच पाणी पळेल. रुंद वरंबा-सरी करा. दीड मीटरच्या पट्ट्यात साधारण एक मीटरचा वरंबा, उरलेली सरी. उतार शेकडा अर्धा पुरे. सरळ उताराला सरी काढलीत तर माती नाल्यात. पाणी साचलं की मुळांवरच्या गाठींना हवा मिळत नाही, नत्र अडतं, म्हणून पिवळेपणा. युरिया फेकत सुटू नका.

मालवी_सूनबाई:
काका म्हणतात तसं वरंबा-सरी करा, आणि सरीचं तोंड शेततळ्यात सोडा. आमच्याकडे तेच पाणी हरभऱ्याला एकदा देतो. भेगांसाठी गव्हाचं काड पसरा. इकडे लोक नरवाई (कापणीनंतर शेतात उरलेली धाटं) जाळतात, बघवत नाही.

प्रश्नकर्ता:
बीबीएफ (रुंद वरंबा-सरीचं) पेरणीयंत्र भाड्याने मिळेल का, की ट्रॅक्टरवाल्याला साध्या रिजरनेच (सरी पाडायच्या अवजाराने) सरी काढायला सांगू?

काकासाहेब:
रिजर चालेल. पण मे महिन्यातच, पावसाने चिखल झाल्यावर नाही.