सेटिंगचे प्रकार एकाच ठिकाणी ठरावेत
पायथनमधील कॉन्फिगपार्सरचा (सेटिंगची फाइल वाचणाऱ्या साधनाचा) ऑब्जेक्ट प्रत्येक क्लासकडे थेट द्यावा, की त्यावर आपला वेगळा क्लास लिहावा, असा प्रश्न अनेकदा पडतो. मी ठामपणे दुसऱ्या पर्यायाच्या बाजूने आहे. कॉन्फिगपार्सर फाइलमधील प्रत्येक मूल्य स्ट्रिंग, म्हणजे मजकूर, म्हणूनच ठेवतो; त्यामुळे फाइलमध्ये 'डीबग = फॉल्स' लिहिलेले असताना कोणी ते मूल्य खरे-खोटे ठरवणाऱ्या बूल फंक्शनला दिले, तर उत्तर ट्रू येते, कारण रिकामी नसलेली कोणतीही स्ट्रिंग पायथनच्या लेखी खरीच असते. यासाठी गेटबूलियन ही मेथड आहे आणि ती येस-नो, ऑन-ऑफ, 1-0 हेही ओळखते. पण ती वापरण्याची आठवण प्रत्येकाने प्रत्येक ठिकाणी ठेवावी, ही अपेक्षाच चुकीची आहे.

म्हणून प्रोग्राम सुरू होतानाच फाइल एकदा वाचावी, प्रकार तपासावेत आणि फ्रोझन डेटाक्लासचा (ज्यातील मूल्ये नंतर बदलता येत नाहीत अशा क्लासचा) एक ऑब्जेक्ट तयार करून तोच पुढे द्यावा. डेटाक्लासची सोय पायथनच्या 3.7 आवृत्तीपासून आहे. पोर्टच्या क्रमांकाच्या जागी अक्षरे आली, तर प्रोग्राम सुरुवातीलाच थांबतो. मध्यरात्री एखादी विनंती आल्यावर नव्हे.

आणखी एक मुद्दा: कॉन्फिगपार्सरच्या राइट मेथडने फाइल पुन्हा लिहिली की मूळ टिप्पण्या नाहीशा होतात. ज्या फाइलमध्ये माणसे हाताने टिपा लिहितात, ती प्रोग्रामकडून लिहून घेऊच नये. बदलत्या नोंदींसाठी दुसरी फाइल ठेवावी; रीड मेथडला दोन्ही फाइलींची यादी देता येते आणि नंतरच्या फाइलमधील मूल्य ग्राह्य धरले जाते.