वस्तीचा स्वच्छ ऊर्जा आणि आपत्ती-सज्जता आराखडा: भागीदार तयार आहेत, सुरुवात कुठून करावी?

पाणलोट
नदीकाठच्या सुमारे ३०० घरांच्या वस्तीसाठी स्वच्छ ऊर्जा आणि पूर-वादळ यांचा एकत्रित आराखडा करायचा आहे. मोठ्या वादळानंतर तिथे दोन-दोन दिवस वीज नसते. स्थानिक स्वराज्य संस्था, वीज वितरण कंपनी, एक अभियांत्रिकी महाविद्यालय आणि एक स्वयंसेवी संस्था असे चार भागीदार तयार आहेत. निधी देणाऱ्यांना सहा महिन्यांत आराखडा हवा आहे. सध्याचा विचार असा, की शाळेच्या छपरावर १० किलोवॉटचे सौर पॅनेल बसवावेत, म्हणजे वीज गेली तरी शाळा निवारा म्हणून चालू राहील. हा १० चा आकडा कसा तपासायचा? पुराचा आणि वाऱ्याचा विचार कोणत्या टप्प्यावर करायचा? आणि करारात काय लिहून घ्यायचे? जाणकारांनी सविस्तर सांगावे.

एकफेज
पाणलोट, आधी एक गैरसमज दूर करायला हवा, कारण तुमची सगळी योजना त्यावर उभी आहे. ग्रिडला (वीज कंपनीच्या जाळ्याला) जोडलेला साधा सोलर इन्व्हर्टर (पॅनेलची डीसी वीज वापरायच्या एसी विजेत बदलणारे यंत्र) वीज गेली की स्वतःहून बंद पडतो, मग ऊन कितीही कडक असो. तार दुरुस्त करणाऱ्या माणसाला उलट्या प्रवाहाचा धक्का बसू नये म्हणून इन्व्हर्टरमध्ये अँटी-आयलंडिंगची सोय घातलेली असते. नुसते पॅनेल बसवले तर वादळानंतर शाळा बाकीच्या वस्तीसारखीच अंधारात राहील. बॅटरीवरही चालणारा हायब्रिड इन्व्हर्टर, बॅटरी आणि ग्रिडपासून पूर्ण तोडणारा चेंजओव्हर स्विच, हे तिन्ही हवेत. शिवाय निवाऱ्याला अत्यावश्यक असलेले लोड (विजेवर चालणारी उपकरणे) वेगळ्या डीबीवर (वीज वाटपाच्या पेटीवर) घ्या. हे वायरिंग मागाहून करायचे म्हटले तर भिंती दुसऱ्यांदा फोडाव्या लागतात.

आता आकडा. तो छपराच्या मापावरून काढू नका, लोडवरून काढा. नमुन्यादाखल: ९ वॉटचे २० एलईडी दिवे १० तास, १.८ युनिट. ३५ वॉटचे १० बीएलडीसी (कमी वीज खाणारे) पंखे १२ तास, ४.२ युनिट. २ किलोवॉट ओढणारा पाण्याचा पंप २ तास, ४ युनिट. १०० मोबाइल, १.५ युनिट. औषधांचा फ्रिज, १.२. राउटर आणि वायरलेस मिळून ३० वॉट दिवसभर, ०.७. बेरीज दिवसाला १३.४ युनिट.

दोन दिवस ऊन नाही असे धरले तर २६.८ युनिट लागतील. लिथियम फॉस्फेट बॅटरी ८० टक्केच रिकामी करायची आणि १० टक्के वीज इन्व्हर्टर व तारांत जाणार, म्हणून २६.८ ला ०.८ ने आणि पुन्हा ०.९ ने भागा: सुमारे ३७ युनिटची बॅटरी. लेड-ॲसिड घेतली तर ती निम्म्याखाली उतरवायची नसते, त्यामुळे तेवढ्याच कामाला ६० युनिट लागतात.

पॅनेलसाठी वर्षाची सरासरी वापरली जाते आणि हिशेब तिथेच चुकतो. वर्षभराची सरासरी पूर्ण उन्हाचे साडेचार तास असली, तरी वादळी महिन्यात अडीचच मिळू शकतात. ग्लोबल सोलर ॲटलासवर महिन्यागणिक आकडे फुकट मिळतात, तिथून सगळ्यात वाईट महिना उचला. वाटेतली घट जाऊन पॅनेलच्या विजेचा पाऊण भागच हाती येतो असे धरा: १३.४ भागिले (२.५ गुणिले ०.७५) म्हणजे ७.१ किलोवॉट. १० किलोवॉट असतील तर रोज सुमारे १८.७ युनिट तयार होतील, पाचेक वरचे उरतील आणि रिकामी बॅटरी पुन्हा भरायला पाच दिवस लागतील. थोडक्यात, तुमचा १० चा आकडा ठीकच आहे, पण ३७ युनिटच्या बॅटरीशिवाय त्याचा निवाऱ्याला काही उपयोग नाही.

पंपाकडे वेगळे लक्ष द्या. मोटर सुरू होताना चालू प्रवाहाच्या पाच ते सात पट प्रवाह ओढते आणि इन्व्हर्टर ट्रिप होतो. मोटर हळूहळू सुरू करणारा सॉफ्ट स्टार्टर किंवा व्हीएफडी (मोटरचा वेग नियंत्रित करणारे उपकरण) लावा आणि पंप भर दुपारीच चालवा. उंचावरच्या टाकीत भरून ठेवलेले पाणी ही सगळ्यात स्वस्त बॅटरी आहे.

भरतीरेषा
वरच्या हिशेबाशी सहमत. पण त्याच्याही आधी शाळेची जागा तपासा. इमारत कोरडी राहते, पण तिथे जाणारा रस्ता आधी बुडतो, असे असेल तर ती निवारा म्हणून कामाची नाही. रस्त्यावरचा सगळ्यात खोल बिंदू आणि शाळेचे जोते, दोन्हींची पातळी एकाच संदर्भबिंदूवरून घ्या. महाविद्यालयातल्या सर्वेक्षणाच्या विद्यार्थ्यांना हे एका दिवसाचे काम आहे. सोबत जुन्या रहिवाशांना घेऊन भिंतीवरच्या पुराच्या खुणा मोजा.

‘शंभर वर्षांतून एकदा येणारा पूर’ हे शब्द लोकांची फार दिशाभूल करतात. त्याचा अर्थ दरवर्षी १ टक्का शक्यता. ३० वर्षांत तो एकदा तरी येण्याची शक्यता २६ टक्के होते. त्यात हवा १ अंशाने तापली की सुमारे ७ टक्के जास्त बाष्प धरू शकते, त्यामुळे फक्त जुन्या पावसाच्या नोंदींवर पातळी ठरवणे धोक्याचे आहे. इन्व्हर्टर, बॅटरी आणि डीबी ज्ञात सर्वोच्च पुराच्या किमान एक मीटर वर ठेवा, शक्यतो वरच्या मजल्यावर. स्लॅबवर बॅटरीचे वजन येणार असल्याने तेही तपासून घ्या.

वाऱ्याचा दाब चौरस मीटरला साधारण ०.६ गुणिले वेगाचा वर्ग, इतके न्यूटन. ताशी १८० किलोमीटर म्हणजे सेकंदाला ५० मीटर, दाब सुमारे १,५०० न्यूटन. दोन चौरस मीटरच्या एका पॅनेलवर ३०० किलोइतका जोर आला, आणि छपराच्या कडेला व कोपऱ्यांत तो याहून वाढतो. पॅनेल क्वचितच एकेकटे उडते. दोन पॅनेलांमध्ये दोघांना धरणारा एकच मिड-क्लॅम्प (चिमटा) असतो, एक पॅनेल निसटले की शेजारच्याची पकड सुटते आणि रांगच्या रांग जाते. म्हणून फ्रेमच्या भोकांतून आरपार बोल्ट, न सैलावणारे नट आणि टॉर्क पान्याने (ठरलेल्या जोराने आवळणाऱ्या पान्याने) कसणे, असे निविदेत स्पष्ट लिहा. पत्र्याचे छप्पर असेल तर आधी पत्रा आणि पर्लिन (पत्र्याखालचे आडवे वासे) यांची पकड तपासा, नाहीतर पॅनेल पत्र्यासकट उडतील.

सामाईक
कराराबद्दल. सहा महिन्यांतले पहिले तीन आठवडे यालाच द्या, कारण वीज कंपनीची माहिती करार झाल्याशिवाय हलत नाही. त्यांच्याकडून मागायचे: फीडरवर (वस्तीला वीज आणणाऱ्या वाहिनीवर) गेल्या १२ महिन्यांत वीज खंडित झाल्याची प्रत्येक वेळ आणि कारण, ट्रान्सफॉर्मरची क्षमता व त्यावरचा सर्वाधिक भार, आणि जोडणीच्या परवानगीसाठी एक जबाबदार अधिकारी.

‘सर्वतोपरी सहकार्य करतील’ या वाक्याने काहीही बांधले जात नाही. मालकी कोणाची, विमा कोणाच्या नावे, वर्षाचा देखभाल खर्च कोणत्या खात्यातून, दहा-बारा वर्षांनी बॅटरी बदलायचे पैसे आजपासून कुठे साठणार, वादळाच्या रात्री किल्ली कोणाजवळ, हे एकेक पदनाम घालून लिहा. व्यक्तीचे नाव घालू नका, बदली झाली की कलम मरते. महाविद्यालयाची जबाबदारी विद्यार्थ्यांच्या प्रकल्पावर टाकू नका, विभागावर टाका. मुले सत्र संपले की जातात.

बॅटरी उतरू लागल्यावर कोणते लोड आधी तोडायचे, तो क्रमही करारातच हवा. सामाईक संसाधनांवरच्या कामासाठी २००९ चे अर्थशास्त्राचे नोबेल मिळालेल्या एलिनॉर ऑस्ट्रॉम यांनी दाखवले, की वापरणाऱ्यांनी स्वतः नियम ठरवले, देखरेख त्यांच्यातल्यांनीच केली आणि नियम मोडणाऱ्याला आधी सौम्य, मग कडक शिक्षा असली की अशा व्यवस्था टिकतात. इथे ते तंतोतंत लागू आहे.

घरोघरी सर्वेक्षणात एक प्रश्न चुकवू नका: विजेवर चालणारे वैद्यकीय उपकरण घरात आहे का? बैठक दुपारी ठेवली तर रोजंदारीवर जाणारे आणि घरी रुग्ण सांभाळणारे येत नाहीत, आणि हीच माहिती निसटते.

तारयंत्र
दोन गोष्टी राहिल्या. डीसी (पॅनेलकडच्या) आणि एसी (वायरिंगकडच्या) दोन्ही बाजूंना सर्ज प्रोटेक्टर (दाबाच्या अचानक उसळीपासून वाचवणारे उपकरण) आणि चांगले अर्थिंग हवे, वादळ म्हटले की वीज पडणार. आणि वर्षातून दोनदा मेन स्विच पाडून निवारा २४ तास खरोखर चालवून बघा.

पाणलोट
सर्वांचे मनापासून आभार. उपकरणांचा प्रश्न प्राथमिक यादीला लावून पाहिला, तर ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटरवरचे (हवेतून ऑक्सिजन वेगळा करून देणाऱ्या यंत्रावरचे) दोन रुग्ण निघाले. मग बॅटरी किती वाढवायची?

एकफेज
मिनिटाला ५ लिटर देणारा कॉन्सन्ट्रेटर साधारण ३५० वॉट घेतो. दिवसरात्र चालला तर ८.४ युनिट, दोघांचे १६.८. एकूण लोड १३.४ वरून ३०.२ वर जातो आणि त्याच रीतीने बॅटरी ८४ युनिटची येते. एवढी वाढवण्याआधी डॉक्टरांशी बोलून सिलिंडरचा पर्याय बघा. ७,००० लिटरचा मोठा सिलिंडर मिनिटाला २ लिटर दराने ५८ तास पुरतो, म्हणजे ऊन नसलेले दोन्ही दिवस त्यावर निभतात. ऊन असताना कॉन्सन्ट्रेटर चालवायचा, रात्री सिलिंडर. मात्र दोन दिवस उलटूनही ऊन आले नाही तर रुग्णांना कुठे हलवायचे, हेही आराखड्यात आधीच लिहा. प्रत्येक रुग्णामागे एक आणि वर एक राखीव, असे तीन ठेवा, साखळीने उभे बांधून, पुराच्या पातळीच्या वर. स्वयंसेवी संस्थेच्या कलमात सिलिंडरची दर महिन्याची दाब-तपासणी घाला. आणि सिलिंडर बॅटरीच्या खोलीत अजिबात ठेवू नका, ऑक्सिजनमुळे लहानशी आगही झपाट्याने भडकते.