वारा पश्चिमेचा, बाल्कनी पूर्वेला, तरी धूळ घरात काऊन?

मनीषनगरवाली:
आमची ४ मजली जुनी बिल्डिंग, आम्ही तिसऱ्यावर, बाल्कनी पूर्वेला रस्त्यावर. रस्ता उत्तर-दक्षिण, असेल तीसेक फूट, अन् समोर आता १४ मजली टॉवर झाला. मे महिन्यातला तो पश्चिमेचा गरम वारा आमच्या मागच्या भिंतीवर येते, म्हणजे बाल्कनी आडोशाला पाहिजे ना? तरी सगळी धूळ तिथंच येऊन रायली. काल एक प्लास्टिकची पन्नी रस्त्यावरून उठली, आमच्या ग्रिलला घासून वर, मग टॉवरकडे, मग पुन्हा खाली. चहा संपेपर्यंत ३ फेरे मोजले मी. हिवाळ्यात उत्तरेचा वारा असला की असं नाही होत.

वाळ्याची_ताटी:
ताई, पन्नीनंच उत्तर दिलं तुम्हाला. वारा रस्त्याला आडवा असला अन् बिल्डिंगी रस्त्याच्या रुंदीपेक्षा उंच असल्या की तो गल्लीत उतरतच नाही, गच्चीवरून सटकतो. तुमच्याकडे पुढं टॉवर उभा, त्यावर आदळून थोडा वारा भिंतीवरून खाली येतो, रस्त्यावर उलटा फिरतो अन् तुमच्या भिंतीनं वर चढतो, येताना धूळ, स्कूटरचा धूर सगळं घेऊन. म्हणून आडोशाच्याच बाजूला घाण जास्त. उत्तरेचा वारा रस्त्यानं सरळ जातो, झाडून नेतो. वायव्येचा असला तर दोन्ही, पीळ घेत घेत पुढं सरकतो.

संत्राबर्फी:
इकडं नागपूरच्या महाल भागात आमच्या गल्लीत उदबत्तीचा धूर सरळ वर जाते अन् गच्चीवर चादर उडून शेजाऱ्याकडे. मोबाईल म्हणते जोराचा वारा. कुठं बे?

वाळ्याची_ताटी:
भाऊ, वारा मोजतात मोकळ्या जागी, १० मीटर उंचीवर. तुमची गल्ली त्यात येतच नाही.

मनीषनगरवाली:
कूलर मागच्या खिडकीत आहे. दुपारी लाइट गेली की ती खिडकी लावून बाल्कनीचं दार उघडतो आम्ही.

वाळ्याची_ताटी:
तिथंच चुकतंय. मागून वारा दाबते, बाल्कनीकडं हवा बाहेर ओढल्या जाते; पण मागची खिडकी बंद असली की हवा आरपार जात नाही, अन् दारातून धूळ आत शिरते. दोन्हीकडं थोडं थोडं उघडं ठेवा, हवा दारातून बाहेर निघन, धूळ आत नाही येणार. लू येईल आत, तर खिडकीला ओला पडदा लावा.

मनीषनगरवाली:
आत्ताच दारात उदबत्ती धरून पाह्यली. धूर खरंच बाहेर गेला! बाल्कनी मात्र सकाळीच झाडली होती, आता पुन्हा पावलं उमटून रायली.