विषय: पुण्याच्या संशोधन संस्थेला देणगी, टॅक्सचं काय?

प्रेषक: खजिनदार

मंडळी, नमस्कार.
गणेशोत्सवाच्या सभेत सूचना आली की पुण्यातल्या एखाद्या विज्ञानसंस्थेला मदत करावी. १९४६ साली स्थापन झालेल्या महाराष्ट्र विज्ञानवर्धिनीच्या आघारकर संशोधन संस्थेचं नाव दोघातिघांनी घेतलं. सभासदांनी परस्पर पैसे पाठवले तर इथे अमेरिकेत टॅक्समध्ये वजा होतील का? जाणकारांनी सांगावं.

—

प्रेषक: एक सभासद (सीपीए, म्हणजे इथला सीए; न्यू जर्सी)

खजिनदारसाहेब, नाही होणार. देणगी वजा करायची तर घेणारी संस्था अमेरिकेत स्थापन झालेली लागते. पुण्यातली संस्था कितीही नामांकित असो, आयआरएसच्या, म्हणजे इथल्या आयकर खात्याच्या लेखी ती परदेशीच.

आपलं मंडळ ५०१(सी)(३), म्हणजे इथली करमुक्त धर्मादाय संस्था आहे, मग मंडळामार्फत पाठवू, असं कुणीतरी म्हणेलच. त्यातही मेख आहे. 'पुण्याला पोचवा' म्हणून घेतलेले पैसे तसेच पुढे ढकलले तर मंडळ नुसतं हमाल ठरतं आणि सभासदाची वजावट जाते. पैशांवर ताबा मंडळाचा हवा, कुणाला द्यायचे ते समितीनं स्वतः ठराव करून ठरवायचं, नंतर खर्चाचा हिशेब मागवायचा.

तसंही बहुतेकजण देणग्या वगैरे न मोजता सरसकट मिळणारं स्टँडर्ड डिडक्शनच घेतात (२०२५ साठी जोडप्याला ३१,५०० डॉलर), त्यांना याचा उपयोग नव्हता. २०२६ पासून अशा जोडप्यांनाही रोख देणगीचे २,००० डॉलरपर्यंत वजा करता येतात, पण तेही इथल्याच संस्थांना दिलेले.

—

प्रेषक: एक सभासद (एडिसन)

पण भारतात संशोधनाच्या देणगीवर पावणेदोनशे टक्के सूट असते ना? बाबा घ्यायचे. कोथरूडच्या फ्लॅटचं भाडं येतं, त्यातून दिले तर?

—

प्रेषक: तोच सीपीए

ताई, बाबांचा धंदा असणार. कलम ३५ ची ती सूट धंदेवाल्यांनाच होती. १७५ टक्क्यांची २०१७ मध्ये १५० झाली आणि एप्रिल २०२० पासून सरळ १००. झालं ते योग्यच, असं माझं मत. १७५ टक्के असताना ३० टक्क्यांच्या स्लॅबमधल्या माणसानं १०० रुपये दिले की उत्पन्नातून १७५ वजा होऊन कर साडेबावन्न रुपयांनी कमी व्हायचा. मग संस्थाच बोगस निघायची, कमिशन कापून बाकी रोख परत. देणगीदार वर नफ्यात! प्रामाणिक संस्थांचा मात्र यात हकनाक तोटा झाला.

तुमचं भाडं धंद्यात येत नाही, म्हणून तुम्हाला कलम ८०जीजीए, म्हणजे धंदा नसणाऱ्यांसाठीची संशोधन-देणगीची वजावट. तिथे पूर्वीपासूनच १०० टक्के. पण जुनी करप्रणाली निवडली तरच. आता आपोआप नवी लागते. २,००० रुपयांवर रोख चालत नाही. संस्थेला कलम ३५ खाली मान्यता आहे ना ते बघा आणि देणगीचं १०बीई प्रमाणपत्र मागून घ्या. १ एप्रिल २०२६ पासून नवा आयकर कायदा आहे, कलमांचे आकडे बदललेत, तिकडच्या सीएला गोंधळवू नका.

आणि पासपोर्ट कुठला? भारतीय असेल तर प्रश्न नाही. अमेरिकन असेल, तर ओसीआय कार्ड (भारतीय वंशाच्या परदेशी नागरिकांचं) असूनही तुम्ही 'परदेशी स्रोत'. भाड्याचे रुपये दिले तरी एफसीआरए, म्हणजे भारताचा परदेशी देणग्यांचा कायदा लागू. संस्थेला ती परवानगी नसेल तर तिला तुमचे पैसे घेताच येत नाहीत.

—

प्रेषक: एक सभासद (एडिसन)

पासपोर्ट अमेरिकन. म्हणजे आधी संस्थेला पत्र.

—

प्रेषक: खजिनदार

पत्राची एक प्रत मलाही पाठवा. मंडळाचा ठराव पुढच्या समिती बैठकीत घेतो. तोवर कुणी माझ्याकडे चेक देऊ नका.