हिलफोर्ट म्हणजे डोंगरी किल्ला? चेक ‘ह्रादिश्ते’ला मराठीत काय म्हणावं

रानवाट:
चेक प्रजासत्ताकातल्या मोराविया भागात आमचा एक गट जाणार आहे. त्यांच्यासाठी छोटी माहितीपुस्तिका मराठीत करते आहे. त्यात मिकुल्चित्से हे ठिकाण आहे, नवव्या शतकातल्या ‘ग्रेट मोराविया’ राज्याचं एक मोठं केंद्र. इंग्रजी मजकुरात जिथे तिथे ‘हिलफोर्ट’ लिहिलंय. डोंगरी किल्ला म्हणावं तर फोटोत टेकडीसुद्धा नाही. सपाट कुरण, ओक वृक्ष आणि नदी. मूळ चेक शब्द ‘ह्रादिश्ते’ असा आहे. गड, गढी, कोट, यातलं काय चालेल? आणखीही शब्द अडलेत: झेम्नित्से, झाउश्नित्से, गोम्बीक, हर्झिव्ना.

कातळ:
सरळ ‘गड’ लिहा की. ह्राद, ग्राद, गड, गढ सगळं एकच. बेलग्राद, लेनिनग्राद ऐकलंय ना?

शब्दवेल्हाळ:
ऐकायला गोड आहे, पण नातं तसं नाही. चेक ह्राद, रशियन गोरद, पोलिश ग्रूद हे एका कुळातले. मूळ अर्थ कुंपण घातलेली जागा. इंग्रजीतला ‘यार्ड’ त्याच गोतावळ्यातला, आणि संस्कृतातला ‘गृह’ही भाषाशास्त्रज्ञ याच मुळाशी जोडतात. म्हणजे ह्रादचा आपल्याकडचा भाऊबंद शोधायचाच तर तो ‘घर’, गड नव्हे. गडाशी साम्य दिसतं ते योगायोगाचं.

आता ‘-इश्ते’. या प्रत्ययाने जागा दाखवतात, आणि पुष्कळदा ‘पूर्वी इथे अमुक होतं’ अशी जागा. बटाटे काढून झालेल्या शेताला चेकमध्ये ‘ब्राम्बोरिश्ते’ म्हणतात. आपले शेतकरी म्हणतात ना, सोयाबीनचं बिवड हरभऱ्याला चांगलं? तसं हे बटाट्याचं बिवड. ह्रादिश्ते म्हणजे जिथे एकेकाळी ह्राद होता ते ठिकाण. नांदता असताना तो ह्राद, मोडल्यावर ह्रादिश्ते. गावांच्या नावांतही हा शब्द खूप आढळतो.

पांढरीकाठ:
पुरातत्त्वाच्या बाजूने थोडं. ‘हिलफोर्ट’ने घोटाळा होतो कारण तो शब्द उंची गृहीत धरतो. चेक शब्दात उंचीचा काही संबंध नाही. प्रागच्या उत्तरेला व्ल्तावा नदीच्या काठी लेवी ह्रादेत्स आहे, ते खरोखर कड्यावर. बोर्झिवोय या चेक ड्यूकने तिथे संत क्लेमेंटचं चर्च बांधलं, त्याचा पाया आजच्या चर्चच्या खाली सापडला. मिकुल्चित्से याच्या अगदी उलट. मोरावा नदीच्या फाट्यांमधल्या बेटांवर ते वसलेलं होतं. फाटे पुढे बुजले. त्यांच्या गाळात लाकडी पुलांचे खांब आणि एकाच ओंडक्यातून कोरलेल्या होड्या मिळाल्या. १९५४ पासून पुरातत्त्वज्ञ योसेफ पौलीक यांनी तिथे खोदकाम केलं, अनेक चर्चचे पाये आणि हजारोंनी कबरी उजेडात आल्या. आपल्याकडे असं काही असतं तर लोकांनी ‘जंजिरा’ म्हटलं असतं!

तट कसा, तेही बघा. लाकडाचे सांगाडे, आत माती ठासलेली, बाहेरच्या अंगाला चुन्याशिवाय रचलेला दगड. बुरूज, चुनेगच्ची भिंती, तोफांचे झरोके असं चित्र ‘किल्ला’ शब्दाने उभं राहतं, ते इथे चुकीचं. ‘गढी’ माझ्या मनात आधी होती, मातीची असते म्हणून. पण गढी म्हटलं की पाटील, देशमुख आणि चिरेबंदी दरवाजा येतो. एका घराण्याचा वाडा. मिकुल्चित्सेच्या तटाबाहेरही कारागिरांची वस्ती पसरलेली होती, तिला गढी म्हणवत नाही. माझं मत ‘कोट’ला. कोट डोंगरावरही चालतो, भुईवरही (भुईकोट आहेच), दगडी किंवा मातीचा असायची अट नाही. पुस्तिकेत पहिल्यांदा ‘मातीचा कोट (चेकमध्ये ह्रादिश्ते)’ लिहा, पुढे नुसतं ‘कोट’. आतल्या भागाला ‘बालेकिल्ला’ चालेल, बाहेरच्याला माची म्हणू नका, माचीला डोंगर लागतो.

रानवाट:
कोट पटला. झेम्नित्सेला ‘तळघर’ लिहावं का?

पांढरीकाठ:
नको. तळघराच्या वर घर असतं. झेम्ने म्हणजे जमीन, तिच्यावरून झेम्नित्से. साधारण चौकोनी, बाजू तीन-चार मीटर, जमिनीत थोडं खणलेलं, वर छप्पर, आणि एका कोपऱ्यात दगडी किंवा मातीची भट्टी. सहाव्या-सातव्या शतकातल्या स्लाव्ह (चेक, पोलिश, रशियन वगैरेंचे पूर्वज) वस्त्या बहुतेक अशाच घरांच्या. ‘गर्तगृह’ म्हणजे खड्ड्यातलं घर, हा शब्द घ्या. मात्र गोल खड्ड्याचं चित्र मनात येऊ देऊ नका, हे चौकोनी.

आणि याच घरांत मिळणारी ती साधी, हाताने घडवलेली, बिननक्षीची मडकी. त्यांना ‘प्राग प्रकारची’ हे नाव पुरातत्त्वज्ञ इव्हान बोर्कोव्स्की यांनी १९४० मध्ये आपल्या पुस्तकात दिलं. नाझी अंमल चालू असताना बोहेमियात (चेक देशाच्या पश्चिम भागात) स्लाव्ह किती जुने हे मडक्यांवरून सांगणं धोक्याचं होतं, ते पुस्तक मागे घ्यावं लागलं. पुस्तिकेत जागा असेल तर हे नक्की घाला.

उंबरठा:
प्रागमध्ये राहते म्हणून एक गंमत. पुरातत्त्वात वस्तीला ‘सीद्लिश्ते’ म्हणतात. रोजच्या चेकमध्ये मात्र सीद्लिश्ते म्हणजे कम्युनिस्ट काळात उभ्या राहिलेल्या काँक्रीटच्या इमारतींची वसाहत. ‘स्लाव्ह सीद्लिश्ते’ असा फलक वाचून माझ्या मुलाने विचारलं होतं, लिफ्ट होती का!

शब्दवेल्हाळ:
दागिन्यांचं घ्या. झाउश्नित्से शब्दशः ‘कानामागची’, पण ती ना कानामागे घालत, ना कानात. केसांना किंवा डोक्याच्या पट्टीला अडकवलेली कडी, कानशिलापाशी लोंबणारी. त्यामुळे बुगडी किंवा कुडी म्हणून चालणार नाही, त्यांना भोक लागतं. ‘कानशिलाची कडी’ म्हणा. एक टोक इंग्रजी एस अक्षरासारखं वळवलेल्या कड्या दहाव्या शतकानंतर फार दिसतात.

गोम्बीक सोपा आहे. स्लोव्हाकमध्ये गोम्बीक म्हणजे साधं बटण. शब्द हंगेरियन ‘गोम्ब’चा. मोरावियातले मात्र पोकळ गोल, मुलामा दिलेल्या तांब्याचे किंवा चांदीचे, वर पानाफुलांची नक्षी, आणि अडकवायला छोटा फासा. कबरीत ते बहुधा जोडीने सापडतात. आपली जुनी ‘गुंडी’ यासाठीच जन्मलीय असं वाटतं.

कातळ:
हर्झिव्ना म्हणजे युक्रेनचं चलन ना? की तोही योगायोग?

शब्दवेल्हाळ:
नाही, इथे नातं पक्कं. स्लाव्ह भाषांमध्ये ‘ग्रीव्हा’ म्हणजे आयाळ, आणि संस्कृत ‘ग्रीवा’ म्हणजे मान, एकाच मुळातले. ग्रीव्हापासून गळ्यातलं कडं, त्यावरून चांदीचं वजन, मग पैसा. युक्रेनने १९९६ मध्ये आपल्या चलनाला तेच नाव दिलं.

पांढरीकाठ:
पण पुस्तिकेतल्या हर्झिव्ना बहुतेक कुऱ्हाडीच्या आकाराच्या लोखंडी पट्ट्या असणार. त्यांचा व्यवहारात पैशासारखा उपयोग होत असावा असं मानतात. पोलंडमध्ये क्राकूवच्या कानोनिचा रस्त्यावर १९७९ मध्ये एका खड्ड्यात अशा ४,२१२ पट्ट्या मिळाल्या, वजन साडेतीन टनांच्या वर. तेव्हा ‘हार’ही नको, ‘नाणं’ही नको. ‘कुऱ्हाडाकृती लगड’.

रानवाट:
लगड! छान. शेवटचा एक, ‘प्राझ्नित्से’. जाड, उथळ मातीचं ताट, धान्य भाजायला. ‘तवा’ लिहिलं तर लोक पोळीकडे जातील.

उंबरठा:
‘खापर’ लिही. आमच्याकडे लाह्या खापरातच फोडायचे.